तीन दऱ्यांच्या गोगलगायी

फार पूर्वी समुद्रकाठच्या श्वेतपट्टण नगरात सुयाम राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने चुना भाजणाऱ्यांच्या कुळात जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. आईबाप लवकर गेले, म्हणून मामा काळभद्राने त्याला वाढवले. मामा भट्टीचा मुकादम. जिभेने तिखट, पण मनाने अगदी मऊ.

राजाला नवा महाल पांढराशुभ्र हवा होता. दोन दिवसांच्या वाटेवर एक बेट होते. तिथल्या तीन दऱ्यांत मोठमोठ्या गोगलगायी राहत, आणि त्यांच्या शंखांचा चुना दुधासारखा उतरे. चुन्यासाठी किनाऱ्यावर शिंपले वेचणाऱ्या या भट्टीवाल्यांची जुनी रीत होती: किनाऱ्याचा एक तुकडा पुरता वेचायचा आणि पुढे सरकायचे, कारण भरती तो मागून भरून टाकतेच. बेटावरही त्यांनी तेच केले. पहिली दरी झाडून वेचली, महालाची उत्तरेची भिंत रंगवली, आणि तीन वर्षांनी उरलेल्या भिंतींसाठी निर्धास्तपणे परत आले.

पहिली दरी रिकामीच होती. पानेसुद्धा कुणी कुरतडलेली नव्हती.

"येतील रे पलीकडून," मामा म्हणाला. "तोवर दुसरी दरी उपसू."

सोमिलला ते काही पटेना. तो मधल्या कातळावर चढला. पलीकडे दुसऱ्या दरीत झाडे गोगलगायींनी लगडली होती, पण त्या पिवळ्या होत्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. पहिल्या दरीतल्या पांढऱ्या असत, आणि त्यांचा शंख डावीकडे वळलेला. त्याने एक पिवळी उचलून कातळावर ठेवली आणि तीन दिवस तिथेच बसून राहिला. ऊन लागले की ती शंखात शिरून तोंडावर पापुद्रा ओढून घेई. पहाटेच्या दवात बाहेर येऊन वीतभर सरके, तेही माघारी, आपल्या ओल्या झाडाकडे.

तो धावत खाली आला. "मामा, पलीकडून कुणी येणार नाही. कधीकाळी वादळात वाहून आलेल्या ओंडक्यावरून एखादी या बेटाला लागली असेल. तिची पोरंबाळं दरीदरीत अडकली. जिथं जशी ओल, जसा पाला, तशी ती होत गेली. किती युगं लागली असतील कुणास ठाऊक! समुद्रानं बेट तोडलंय, कातळानं दऱ्या तोडल्यात. इथं भरती नाही येत."

"अरे शहाण्या, राजाला काय तोंड दाखवू? महालाच्या वास्तूचा उत्सव महिन्यावर आलाय. भट्टी जाईल, आपली चाळीस घरं उघड्यावर पडतील!"

मामाचेही खोटे नव्हते. सोमिल म्हणाला, "तोंड मी दाखवतो. मी येईपर्यंत जिवंत एकीलाही हात लावू नका."

नगरात परतून त्याने राजापुढे दोन रिकामे शंख ठेवले.

"गोगलगायीच ना?" राजा हसला. "यांच्यापायी महाल अर्धवट ठेवू?"

"महाराज, हा पिवळा दुसऱ्या दरीतला. त्याचे भाऊबंद जिवंत आहेत. हा पांढरा पहिल्या दरीत मातीत सापडला. त्याची अख्खी जात आपल्या उत्तरेच्या भिंतीवर आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही. चूक आमची. समुद्राची रीत आम्ही डोंगराला लावली. शिक्षा मला करा, पण उरलेल्या दऱ्या वाचवा."

राजा उठून त्या भिंतीपाशी गेला. तिच्यावरून त्याने हात फिरवला. त्याला फार वाईट वाटले.

"बाकीच्या भिंती मातीच्याच राहू द्या," तो शेवटी म्हणाला. "आणि ते बेट राखायला तुमचीच चाळीस घरं नेमतो."

पुढच्या वर्षी पहिल्या दरीतून मामाची हाक आली. "सोमिला, इकडे ये! हळू रे, पाय जपून टाक!"

वेचणाऱ्यांचा हात पोचला नव्हता अशा एका फटीत मुगाच्या दाण्याएवढ्या सात पांढऱ्या गोगलगायी होत्या. सगळ्या डावीकडे वळलेल्या. मामा हसत होता आणि डोळेही पुसत होता.

आमराईत जमलेल्या भिक्खूंना ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे ही आमराई दान देणारा गृहपती वरुणदत्त. काळभद्र म्हणजे हा भिक्खू तिस्सिल. आज सकाळी अंगण झाडताना मुंग्यांची रांग सरेपर्यंत हा केरसुणी धरून थांबला होता. आणि सोमिल मीच होतो. त्या जन्मी मी प्रज्ञापारमिता, म्हणजे नीट पाहून जाणण्याचे व्रत, पाळली: हात घालण्याआधी तीन दिवस बसून पाहिले."