उत्पलाची काच

“दोन्हींतली कोणती देऊ, भंते?”

यशोधन मेश्राम विहाराच्या पायरीवर बसला होता. ओंजळीत काचेचे दोन तुकडे. आकाशात माणसांना राहायला जी घरं बांधली, त्यांच्या खिडक्यांच्या काचा तो बनवत असे.

म्हातारे भंते सुमनतिस्स अंगणातली पानं झाडत होते. यशोधनला लहानपणी त्यांनीच ध्यानाला बसायला शिकवलं होतं.

“मला काय विचारतोस? माझ्या चष्म्याची काच तडकलीय, ती अजून बदलता आली नाही मला.”

यशोधन हसला नाही.

“ही पहिली. वरचे घातक किरण अडवते. पण अडवता अडवता स्वतःच तपकिरी होत जाते. तीन वर्षांत पलीकडचं काही दिसत नाही.”

“आणि ही?”

“ही शेवटपर्यंत स्वच्छ राहते. कारण ही फारसं काही अडवतच नाही.”

भंते झाडू टेकवून उभे राहिले.

“मधली एखादी?”

“अकरा वर्षं तीच शोधली. काचेतलं माझ्याइतकं कळणारा माणूस सापडायचा नाही तुम्हाला. मधली नाही, भंते.”

“मग खिडकीच नको.”

“पहिल्या घराला नव्हती... दहाव्या महिन्यात एकाने आतून दार उघडलं. चिठ्ठी सापडली नंतर. ‘बाहेर बघायचं होतं.’ एवढंच.”

वाऱ्याने गोळा केलेली पानं पुन्हा अंगणभर झाली. भंतेंनी ती तशीच राहू दिली.

“आपली उत्पला तिथेच आहे ना?”

“दुसऱ्या घरात. अजून सहा वर्षं.”

“काय म्हणते?”

“त्यांच्या खिडकीला आता ही पहिलीच काच आहे. काळी पडत आली. परवा लिहिलं तिने, ‘दादा, पृथ्वी कोऱ्या चहासारखी दिसते रे. उद्या तेही दिसणार नाही.’ सोमवारी यान निघतं. एकच काच जाईल. सही माझी लागते.”

“दोन काचा आहेत, हे तिला सांगितलंस?”

“नाही.”

“का?”

“ती स्वच्छच मागेल. तापाने फणफणलेली असली तरी खिडकी उघडी ठेवायची ती. आईने लावली की पुन्हा उघडायची.”

“मग मला विचारायला काय राहिलं?”

“तुम्ही सांगा, भंते. तुम्ही म्हणाल ती देतो. तपकिरी म्हणा, तपकिरी देतो. ती तिथे अंधारात वेडी झाली, तर... किंवा स्वच्छ दिली आणि दहा वर्षांनी तिची हाडं सडायला लागली, तर... निदान मला म्हणता येईल...”

“काय म्हणता येईल?”

भंतेंनी झाडू भिंतीला लावला. ते हळूहळू चालत आले आणि त्याच्या अगदी पुढ्यात उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे सूर्य टेकडीला लागला होता.

“आता ऊन लागतं?”

“नाही.”

“बरं वाटतं?”

“... हो.”

“माझं तोंड दिसतं?”

“नाही, भंते. नुसतं काळं दिसतं.”

भंते तसेच उभे राहिले. बराच वेळ. त्यांचे गुडघे थरथरू लागले. यशोधनने ते पाहिलं, पण तो उठला नाही. ते आणखी थोडा वेळ तसेच उभे राहावेत, एवढंच त्याला वाटत होतं.

मग भंते बाजूला झाले.

ऊन थेट त्याच्या डोळ्यांत घुसलं. काचा पायरीवर पडल्या. त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. त्याचे खांदे हलत होते.

“दोन्हीकडून मरणच आहे, भंते... हे मी तिला कसं लिहू?”

“हात खाली घे,” भंते म्हणाले.