राणीसाहेबांची चूल

हैबती ओताऱ्याला राजाचा हुकूम आला आणि त्याची बायको गोजरा काळजीत पडली. शेजारच्या राजाने मोठं देऊळ बांधलं होतं. तिथल्या घंटा ओतायला त्याला हैबतीच हवा होता, आणि तळसंगच्या राजाने, रणधीररावांनी, मैत्रीखातर त्याला दोन वर्षांसाठी देऊन टाकलं होतं. हैबतीचा मान मोठा, पण गोजराची पंचाईत झाली.

गोजरा होती समुद्रकाठच्या मुलखातली. तळसंगचा नियम असा, की परमुलखातून आलेल्या सुनेने आधी सात वर्षं वेशीबाहेर काढायची, मग तिला गावात स्वतःची चूल मांडायला मिळे. ती चूल वर्षभर विझलेली राहिली की हक्क बुडाला. पुन्हा वेशीबाहेर, पुन्हा सात वर्षं! हैबती गावचाच, त्याला कोणी अडवलं नव्हतं, पण गडी बायकोपाठोपाठ झोपडीत राहायला गेला. गळक्या छपराखाली दोघांनी ती वर्षं रेटली होती आणि आत्ता कुठे गावातलं घर अंगवळणी पडत होतं. आता नवऱ्याबरोबर जावं तर घर जाणार, घर धरून बसावं तर नवरा दिसणार नाही. गोजरा पोटभर रडली, मग तोंड धुऊन दरबारात गेली.

राजा वाईट नव्हता, हट्टी होता. 'नियम सगळ्यांना सारखा' हे वाक्य दिवसातून एकदा म्हटल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. राणीसाहेब परमुलखातल्या, म्हणून त्यांनाही त्याने सात वर्षं वेशीबाहेरच्या बागवाड्यात ठेवलं होतं. स्वतः मात्र रोज संध्याकाळी घोडा दामटत तिकडेच जेवायला जाई, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

त्याने गोजराचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. हैबतीला जावंच लागेल, बायकोने जावं की राहावं हे तिचं तिने बघावं, एकीसाठी नियम वाकवला तर उद्या दारात रांग लागेल, असं सगळं त्याने सांगितलं.

"लहानमोठ्या सगळ्यांना सारखा ना, महाराज?" गोजराने विचारलं.

"लहानमोठ्या सगळ्यांना."

गोजराने मुजरा केला आणि ती निघून गेली. राजाला वाटलं, मिटलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी राजा घोड्यावरून आणि राणीसाहेब मेण्यातून देवदर्शनाला निघाल्या. वेशीबाहेर येतात तो काय, गोजरा कोपरापर्यंत चिखलात हात घालून चुली घालतेय. एक नव्हे, दोन! एक लहान, दुसरी तिच्या दीडपट.

राजाने घोडा थांबवला. एका बाईला दोन चुली कशाला, असं त्याने विचारलं.

"लहान माझी, महाराज. मी नवऱ्याबरोबर जाणार, परत आले की इथेच राहायचंय. मोठी राणीसाहेबांची."

मेण्याचा पडदा हलला. राजाच्या कपाळाला आठी पडली.

"राणीसाहेबांची?"

"मागे तुम्ही दोघं दीड वर्ष सरहद्दीवरच्या छावणीत होतात. वाड्याच्या मुदपाकखान्याला कुलूप होतं, अख्ख्या गावाने पाहिलंय. म्हणजे हक्क बुडाला. बागवाड्यातली जुनी चूल ढासळलीय, म्हणून म्हटलं, नवी घालून ठेवावी."

राजा लालबुंद झाला. "मी काय हवा खायला गेलो होतो? राज्याच्या कामाला गेलो होतो! नवरा राज्याच्या कामावर गेला आणि बायको त्याच्यासोबत राहिली, तर तिचं घर जाईलच कसं?"

बोलून गेल्यावर त्याने पुढचा शब्द गिळला. पण तो उशिराच गिळला.

"हेच मला काल विचारायचं होतं," गोजरा हात झटकत म्हणाली. "मला मेलीला इतकं नीट मांडता आलं नाही."

तोवर राणीसाहेब मेण्यातून उतरून चुलीपाशी वाकल्या होत्या. मागे दुसऱ्या भांड्यासाठी वैल ठेवलाय का, तोंड वाऱ्याच्या बाजूला नाही ना, सगळं त्यांनी विचारून घेतलं. सात वर्षं धूर खाल्लाय, तेवढं कळतं, असं गोजराने सांगितलं.

राजाने तिथेच हुकूम सोडला : राज्याच्या कामावर गेलेल्या नवऱ्याबरोबर जी बायको जाईल, तिची चूल पेटतीच धरावी. मग जरा खाकरून त्याने विचारलं, "आणि समजा, मी हट्टाला पेटून राणीसाहेबांना खरंच इथे पाठवलं असतं तर?"

"तर चार दिवसांत तुम्हीही इथेच जेवायला आला असतात, महाराज. म्हणून तर ती चूल मोठी घातलीय."

राजा इतका हसला की घोडा बिचकला. हैबती-गोजराला प्रवासासाठी राजवाड्यातून बैलगाडी मिळाली, वर एक लुगडं मिळालं, आणि त्यांच्या घराची किल्ली राणीसाहेबांनी स्वतःकडे ठेवून घेतली.

लहान चूल गोजराने तिथल्या तिथे मोडली. मोठीला मात्र राणीसाहेबांनी हात लावू दिला नाही. पुढे कधी राजा म्हणू लागला, की नियम सगळ्यांना सारखा, तर त्या नुसत्या खिडकीतून वेशीकडे बघत.