बारा नंबरचा वास

परक्याचं तोंड दिसताच ज्यांचं नाक वाकडं होतं, त्यांनी पाहुण्यांसाठी दार उघडावंच कशाला?

इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या समुद्रकाठी एका स्वस्तातल्या हॉटेलात शाल्मली आणि तिची आई स्टेशनवरून थेट बॅगा ओढत आल्या. "बारा नंबर..." एवढंच शाल्मली म्हणाली, तोच मॅनेजर कडाडला, "म्हणजे खोलीत मसाले शिजवणाऱ्या तुम्हीच! सगळ्या मजल्यावर वास सुटलाय. आत्ताच्या आत्ता चालत्या व्हा!"

आई घाबरली. "शालू, एवढ्या थंडीत जायचं कुठे गं?"

"कुठेही नाही!" शाल्मलीने संतापून मॅनेजरच्या पाठीमागे बोट दाखवलं. "साहेब, बाराची किल्ली अजून तुमच्याच खुंटीला आहे. म्हणजे आत जे शिजलं, ते तुम्हीच शिजवलंत. फोडणी करपली नाही ना?"

मॅनेजरने किल्ली काढून दिली.

जिन्यावरून एक गोरी आजी ओरडली, "भांडताय कशाला? करी माझ्या खोलीत आहे. तिघंही जेवायला या!"