हैबतीबाबांचा बिगुल

सड्यावर जायला नुसती पायवाट होती, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या कारवंडी गावात हैबतीबाबा नावाचे एक म्हातारे राहायचे. तरुणपणी ते पलटणीत बिगुलवाले होते. समुद्रापलीकडच्या लढाईत त्यांच्याजवळ तोफेचा गोळा फुटला आणि दोन्ही कान कायमचे गेले. घरी येताना त्यांनी आपला पितळी बिगुल तेवढा आणला. लढाईबद्दल ते कधी बोलले नाहीत. लेकी-सुनांत, नातवंडांत रमले. नातींच्या वेण्यासुद्धा तेच घालायचे, असं म्हणतात.

पावसाळ्यात गावातल्या बायका वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, गवत कापायला जायच्या. सड्याच्या टोकाला खोल कडा. धुकं उतरलं की हातातला विळाही दिसायचा नाही. मग हैबतीबाबा वेशीतल्या धोंड्यापाशी उभे राहून बिगुल वाजवायचे आणि बायका आवाजाच्या रोखाने खाली यायच्या. पण बाबांना ना बिगुल ऐकू यायचा, ना कुणाची हाक. म्हणून त्यांची बायको ठकूबाई शेजारी उभी राहायची. शेवटची बाई वेशीत आली की ती बाबांचा हात दाबायची. तेव्हा बाबा थांबायचे.

एका भादव्यात बाबा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते. भर दुपारी धुकं आलं. बाबा भिंत धरून उठले.

"अहो, निजा गप. छाती फुटंल तुमची!" ठकूबाई म्हणाली.

बाबांनी तिचे ओठ वाचले. "फुटू दे. जुनीच हाय ती. पोरी वर हायेत."

बिगुल वाजू लागला. एकेक बाई खाली आली. त्यांच्या सुनाही आल्या. राहिली फक्त मैना, शेजारच्या घरातली नवी नवरी. बाबांच्या ओठांतून रक्त येऊ लागलं. ठकूबाईने सड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात दाबला.

बाबांनी बिगुल खाली घेतला. पण हात सुटला नव्हता. एरवी हात दाबून ती लगेच आलेल्या बाईकडे धावायची. आज तशीच धरून उभी होती.

"कोण राह्यलंय, ठके?"

"मैना," तिचे ओठ कसेबसे हलले.

"मी लढाईत होतो तवा तू वाट बघितलीस ना? तिच्या घरची बी बघत्यात."

बाबांनी पुन्हा बिगुल ओठाला लावला. तसा सूर गावाने कधी ऐकला नव्हता. त्या सुराने धुकं भांग पाडावा तसं दुभंगलं आणि सड्यापासून वेशीपर्यंत वाट उघडी झाली, असं म्हणतात. मैना कड्याच्या टोकावर पोचली होती. तिथून ती वळली.

ती वेशीत आली तेव्हा ठकूबाईने बाबांचा हात दाबला. हात गार पडला होता. बाबा धोंड्याला टेकून उभेच होते. प्राण केव्हाच गेला होता, बिगुल मात्र मैना येईपर्यंत वाजत राहिला, असं म्हणतात.

आता सड्यावर पक्का रस्ता आहे. तरी धुकं उतरलं की कारवंडीच्या वेशीत बिगुल वाजतो. वाजवणारा आधी कानांत कापूस घालतो. कुणी कितीही थांब म्हटलं तरी तो थांबत नाही. शेजारी गावातली एक म्हातारी उभी असते. शेवटचं माणूस वेशीत आलं की ती त्याचा हात दाबते, आणि लगेच सोडते.