देवळाला भोंगा एकच

एकदा एक तरुण ध्वनिमुद्रणाची विद्या शिकण्यासाठी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी, एका वृद्ध ध्वनिमुद्रकाकडे आला. गोष्ट फार जुनी नाही. मोबाईल सर्वांच्या खिशात आल्यानंतरचीच आहे. तरुणाचे नाव मकरंद. मोठ्या शहरात शिकून आलेला, कान तयार, हात चपळ आणि त्या वयाला शोभेल इतका अहंकारही गाठीशी. वृद्धाला सगळे तात्या म्हणत. तात्या फार कमी बोलत. त्यांचे मौन शिष्याला कधी कौतुकाचे वाटे, कधी नापसंतीचे, आणि बहुधा दोन्ही वेळा त्याचा अंदाज चुके.

त्या वर्षी कार्तिकाच्या तोंडावर जवळच्या एका वाडीची भजनी मंडळी तात्यांकडे आली. वाडीच्या देवळात कार्तिकभर पहाटे काकडा चाले. पण मंडळी थकली होती, पहाटेचा गारवा गळ्याला सोसेना. तेव्हा काकडा एकदाच नीट मुद्रित करून घ्यावा आणि रोज देवळाच्या भोंग्यावर लावावा, असे ठरले होते. पुढे गाणारे दत्तोबा सुतार, आणि त्यांच्यामागे ओळ उचलणारी त्यांची पत्नी चंद्राक्का. या बाईने सारा जन्म नवऱ्याची ओळ उचलली. पण देवळातला माईक पुरुषांपुढे असे आणि बायका खांबापलीकडे. त्यामुळे अक्का गातात हे देवाला आणि शेजारणींना ठाऊक, गावाला नाही. या वेळी दत्तोबाच हटून बसले. "तिचा आवाज घेतल्याबिगर मी तोंड उघडायचा न्हाई." अक्का लाजत, पदर सावरत माईकपुढे उभ्या राहिल्या आणि अशा गायल्या, की तात्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

सगळे आवाज एकमेकांत बसवण्याचे काम मकरंदकडे आले. अक्कांचा आवाज त्याला मनापासून भावला होता. एवढ्या मोठ्या आवाजाला चिंचोळी जागा कशी द्यायची? त्याने शहरात पाहिलेली एक युक्ती वापरली. त्या आवाजाची एक प्रत डाव्या स्पीकरला दिली आणि दुसरी उजव्याला. मात्र उजवीकडची ध्वनिलहर पूर्ण उलटी करून. आता दत्तोबा मधोमध आणि अक्का चोहीकडून, जणू गाभाराच गातो आहे. ऐकताना त्याला स्वतःलाच भरून आले.

तात्यांनी त्याच्या खुर्चीत बसून सगळे ऐकले. "सुरेख," म्हणाले. मग उठले आणि दोन्ही स्पीकरच्या वायरी काढून टाकल्या. बाहेर मंडळींचा माणूस पेनड्राइव्हसाठी ताटकळत होता, त्याची त्यांना काही घाई दिसेना. फळीवर एकाच स्पीकरचा जुना लाकडी खोका होता. तात्या त्यावर आपला जेवणाचा डबा ठेवत. तो खोका त्यांनी फडक्याने पुसला, टेबलावर आणला आणि डावी-उजवी दोन्ही बाजू त्या एकातच जोडल्या.

मकरंदचा चेहरा पडला. "तात्या, आता असं कोण ऐकतं? ज्याच्या त्याच्या दोन्ही कानांत हेडफोन असतात. एका स्पीकरचा जमाना कधीच गेला."

"गेला असेल. लाव तर खरं."

गाणे सुरू झाले. पखवाज आला, टाळ आले. दत्तोबांनी ओळ गायली आणि ते थांबले. ती ओळ आता अक्का उचलणार होत्या. कोणी उचलली नाही. दत्तोबा पुन्हा गायले, पुन्हा थांबले, आणि पुन्हा नुसते टाळ वाजत राहिले. मकरंदने वायर हलवून पाहिली, आवाज वाढवला. अक्का नव्हत्याच.

त्याने गाणे बंद केले. "मी पुसून टाकलं त्यांना."

"मुद्दाम नव्हे," तात्या म्हणाले. "डावा स्पीकर हवा पुढे ढकलत होता, तेव्हा उजवा मागे ओढत होता. दोघं वेगळे होते तोवर खोली भरली. एकाच तोंडानं बोलायची वेळ आली, तेव्हा एकानं दिलेलं दुसऱ्यानं काढून घेतलं. आणि बाळा, देवळाला भोंगा एकच आहे. ओट्यावर मोबाईल ठेवून भाकरी थापणारीलाही बहुधा एकच स्पीकर. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये खुर्ची एकच मावते, आणि तीत तू बसतोस. बाकी सगळं जग बाजूला उभं असतं. माझ्या आईनं उभ्या आयुष्यात गाणं ऐकलं ते शेजाऱ्यांच्या रेडिओवर, भिंतीपलीकडून. भिंतीला डावं-उजवं नसतं. तरी तिला एकेक सूर पोचला. तो पोचवणारी माणसं कोण होती, मला माहीत नाही. पण त्यांनी तिच्यासारखीचा विचार केला होता. त्यांचं ऋण आहे माझ्यावर, म्हणून हा खोका ठेवलाय. तू खुशाल आवाज पसर, शोभा आण. फक्त पंगतीत पहिल्या पानावर श्रीखंड आणि शेवटच्या पानावर मीठसुद्धा नाही, असं होऊ देऊ नकोस."

मकरंदने बाहेरच्या माणसाला चहा पाजून थांबवले. अक्कांचा आवाज सरळ करून मध्ये आणला. भोवती गाभाऱ्याचा थोडा घुमारा ठेवला, तोही असा, की तो गेला तरी आवाज उभा राहावा. आधी खोक्यावर ऐकले, मग दोन स्पीकरवर. खरे सांगायचे तर, पहिल्याइतके भव्य वाटत नव्हते. पण दत्तोबांनी ओळ सोडली की ती झेलायला आता कोणीतरी होते.

काकड्याच्या पहिल्या दिवशी तात्या त्याला वाडीवर घेऊन गेले. अजून फटफटायचे होते. भोंगा खरखरला, दत्तोबांची ओळ घरांवरून गेली आणि तिच्या मागोमाग चंद्राक्का. सडा घालणाऱ्या बायकांचे हात थांबले. "अगं बया, ही तर आपली अक्का!" कोणीतरी ओरडले. अक्का देवळाच्या पायरीवर नवऱ्याशेजारी बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून.

गाणे संपल्यावर त्या मकरंदपाशी आल्या. त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून त्यांनी आपल्या कानशिलांवर बोटे मोडली. "लेकरा, लई उपकार झालं तुझं. मला वाटलं हुतं, भोंग्यात मी कुठली आयकू येतीया? बाईमाणसाचा आवाज, ऱ्हाईल कुठंतरी मागं."

स्तुती गिळून गप्प बसणे मकरंदला सोपे होते, पण ते त्याच्याने झाले नाही.

"राहिला होता, अक्का," तो म्हणाला. "माझ्या हातून राहिला होता. तात्यांनी मला ऐकवलं, म्हणून कळलं." आणि तिथेच वाकून तो आधी अक्कांच्या, मग तात्यांच्या पाया पडला.

अक्कांना त्यातले सगळे उमगले नसावे. त्यांनी एकदा गुरूकडे पाहिले, एकदा शिष्याकडे, आणि त्या मनापासून हसल्या.

"आता आला न्हवं? मग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि भोंग्यावर पुढचा अभंग सुरू होताच स्वतःच त्याची ओळ उचलून, देवळात शिरून खांबाच्या अलीकडे उभ्या राहून, मोठ्याने गाऊ लागल्या.