नानांच्या हातातली माती

चूक सगळी नानासाहेबांची. गावच्या या पुढाऱ्याच्या तोंडी ‘फाइट’ हा एकच शब्द. निवडणुकीत फाइट, तहसीलदाराशी फाइट, मधुमेहाशीही फाइट. मधुमेहाची तेवढी ते स्वतः देत. बाकी सगळीकडे पोरं पुढं आणि नाना गाडीत. पाण्याच्या टँकरच्या फाइटमध्ये गावातल्या रणधीरवर पोलीस केस पडली, त्याचं कॉलेज सुटलं.

आता बायपास होणार, म्हणजे नानांचा ढाबा ओस पडणार. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात नाना माइकवरून गरजले, “उद्या रस्ता रोखायचा! आरपारची फाइट! आपला इंद्रजीत पैलवान सगळ्यात पुढं!”

इंद्रजीत रणधीरचा धाकटा भाऊ. पुढच्या आठवड्यात त्याची पोलीस भरती. एक केस पडली की खेळ खलास. म्हातारे मात्र टाळ्या पिटत होते. त्यांची पोरं पुण्यात नोकरीला.

रणधीरला बसवेना. त्यानं आखाड्यातली मूठभर लाल माती उचलली आणि नानांसमोर धरली.

“नाना, हात पुढं करा.”

“हे काय रे?”

“फडाची रीत तुम्हीच शिकवली. माती ज्यानं घेतली, त्यानंच लढायचं. दुसऱ्याच्या नावानं माती घेता येत नाही. घ्या! उद्या पुढं तुम्ही, मागं मी.”

“अरे, माझी शुगर...”

“मग ढाबा कुणाचा, नाना?”

फडात शिट्टी वाजली. नानांनी हात पाठीमागं नेला. ज्यानं माती नाकारली तो हरला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर कुणी गेलं नाही. पुढच्या जत्रेत दरवर्षीचा मानाचा फेटा नानांना बांधला नाही.