अम्मीच्या प्रोग्रॅमचे नाव

एकदा असे झाले, की एका शिष्याने आलेली अडचण चुटकीसरशी सोडवली आणि त्याचे गुरू मात्र काही खूश झाले नाहीत. हे गुरू आश्रमात राहणारे नव्हेत बरे का! बाजारपेठेच्या गावात, सायकलच्या दुकानावरच्या माडीवर बसून ते व्यापाऱ्यांसाठी संगणकाची कामे करीत. निनाद हा त्यांचा लाडका शिष्य. हुशार, कामाला वाघ, आणि उतावळा किती म्हणाल तर विचारूच नका.

दोघांनी मिळून एक सोय तयार केली होती. तिच्यात दुकानदाराने आपल्या धंद्यापुरता छोटा प्रोग्रॅम स्वतःच जुळवायचा, त्याला आवडेल ते नाव द्यायचे आणि त्या नावावर बोट ठेवले की तो सुरू व्हायचा. अत्तरांचे व्यापारी मुनीरभाई यांच्या वृद्ध आईने, म्हणजे अम्मीने, मोठ्या हौसेने असा एक प्रोग्रॅम जुळवला. कोणते अत्तर किती उरले, हे त्यात पाहायचे होते. अम्मीला अरबी अक्षरेच तेवढी वाचता येत, म्हणून नाव तिने त्याच अक्षरांत दिले. पण बोट ठेवले की पडद्यावर उत्तर येई : असा प्रोग्रॅम नाही.

मुनीरभाई धावत आले. निनादने पाहिले, हसला, ते नाव पुसून इंग्रजीत ‘स्टॉक’ लिहिले, आणि प्रोग्रॅम झटक्यात चालू लागला.

दुसऱ्या दिवशी मुनीरभाई पुन्हा माडीवर हजर! “निनादभाऊ, चालतो तुमचा प्रोग्रॅम. पण अम्मी त्याच्याजवळ जातच नाही. म्हणते, हे नाव मला वाचता येत नाही, तुम्हीच बघा आता दुकान. अहो, अब्बा गेल्यापासून दुकान तिनंच सांभाळलं. आता आत जाऊन बसलीय.”

“मग त्यांना इंग्रजीची चार अक्षरं शिकवा ना,” निनाद म्हणाला.

मुनीरभाई गेले, निनाद खाली चहाला गेला, तेवढ्यात गुरुजी त्याच्या संगणकासमोर बसले आणि त्याने त्याच सोयीत जुळवलेल्या, रोजच्या वापरातल्या एकूण एक प्रोग्रॅमचे नाव त्यांनी अरबी अक्षरांत करून ठेवले.

निनाद परत येऊन पाहतो तो काय! “सर, हे काय करून ठेवलंत? माझं सगळं काम ठप्प झालं!”

“नावं बदलली फक्त,” गुरुजी चष्मा पुसत म्हणाले. “ती तशीच ठेवून काम कर.”

निनादच्या अंगाचा तिळपापड झाला. पण गुरुजींचा शब्द मोडणार कसा? कामाला बसला. एक प्रोग्रॅम सुरूच होईना. दुसरा सुरू झाला आणि मध्येच बंद पडला. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे कुठे फाइलच्या नावाला जोडलेले इंग्रजी शेपूट भलत्याच बाजूला जाऊन बसले, तर कुठे नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग! दुपार टळल्यावर माग लागला. नाव एका भागाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये एक टप्पा होता. तो इंग्रजी अक्षरे तेवढी ओळखी आणि बाकी सगळ्यांची प्रश्नचिन्हे करून पुढे ढकली. पुढचा भाग बिचारा ती प्रश्नचिन्हे शोधत बसे. आणि तो टप्पा लिहिला होता खुद्द निनादने.

“पण सर, मी तपासलं होतं हो,” तो रडवेला होऊन म्हणाला.

“काय नाव देऊन तपासलंस?”

“... ‘टेस्ट’.”

गुरुजी हसले. “मीही तेच दिलं असतं. आपल्याला जे नाव सहज सुचतं, ते आपल्या कामात कधी अडतच नाही. काल तू काय केलंस? अम्मीनं बदलावं म्हणजे आपलं काम शाबूत राहील, असा निकाल दिलास. तिची अडचण नुसती सांगून तुला पटली नसती रे. म्हणून एक दिवस तुझ्याकडे मुक्कामाला ठेवली. बघ, आजच्या आज तूच तिचं मूळ शोधून काढलंस.”

निनादने तो टप्पा नव्याने लिहिला आणि दिवेलागणीला तो स्वतः अत्तराच्या दुकानात गेला. अम्मीला आतून बोलावले, प्रोग्रॅमला तिने दिलेले नाव तिच्या अक्षरांत परत ठेवले. “ठेवा बोट, अम्मी.”

अम्मीने भीत भीत बोट ठेवले. मोगरा, हिना, केवडा, सगळी अत्तरे पडद्यावर उभी!

“अगंबाई, उघडला की!” अम्मी म्हणाली. “मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. या वयात कशाला ही नसती हौस केली, असं झालं होतं मला.”

निनाद म्हणाला, “नाही अम्मी, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती.”

“एवढंच ना, लेकरा?” असे म्हणून तिने हसत त्याच्या मनगटावर हिन्याच्या अत्तरात बुडवलेला कापसाचा फाया फिरवला. मग आपल्या जागेवर नीट बसली आणि दारातल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, “हां, या, काय दाखवू?”

आपण केलेले काम ज्याला वापरता येत नाही, तो माणूस बहुधा तक्रार करीत नाही. मुकाट्याने स्वतःलाच दोष देत बसलेला असतो, एवढे ध्यानात ठेवावे.